नव्या घोड्याची उघडी पाठ

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, उत्तरेकडून आलेले उंचेपुरे पांढरे नुकरे असे नाना रंगाचे आणि नाना किमतीचे घोडे तिथे उभे असतात. सौदा होतो, पैसे मोजले जातात आणि घोडा नव्या मालकाच्या हाती येतो तो बहुधा एक मोहरकी आणि तिला बांधलेला दोर, एवढ्याच सामानानिशी. खोगीर वेगळं घ्यायचं असतं आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं ठरतं. पुढचा महिना यायच्या आतच, घोडा गावात उतरला त्याच संध्याकाळी, घरातला एखादा धीट पोरगा ओट्यावरून उडी मारून त्याच्या पाठीवर बसतो. चार जण टाळ्या वाजवतात आणि टाळ्यांनीच घोडा बुजतो.

बिनखोगीर बसण्यात मुळात वावगं काही नाही. मांड पक्की करायला उघड्या पाठीइतका चांगला गुरू नाही, हे जुने शिकवणारे आजही सांगतात आणि ते खरं आहे. घोडा श्वास घेतो तो मांडीला कळतो, पाऊल कुठलं पडलं ते कमरेला कळतं. पण हा धडा ओळखीच्या घोड्यावर गिरवायचा असतो. घोडा नवा, सामान नाही आणि बसणाराही शिकाऊ, असा तिढा असेल तर त्यातली एक तरी गोष्ट आधी बदलायला हवी. सगळ्यांत स्वस्तात बदलता येते ती घोड्याची नवलाई. तिला पैसे लागत नाहीत, दिवस लागतात.

इटलीतल्या सिएना शहरातली पालिओची शर्यत या बाबतीत बघण्यासारखी आहे. दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या मधल्या चौकात दहा मोहल्ल्यांचे दहा घोडे तीन फेऱ्या धावतात आणि सगळे स्वार उघड्या पाठीवर असतात. शर्यत जेमतेम दीड मिनिटाची. कोणता घोडा कोणत्या मोहल्ल्याला मिळणार, हे तीन दिवस आधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. एकदा मिळालेला घोडा बदलता येत नाही, स्वार मात्र बदलता येतो. म्हणजे घोड्याशी जमवून घ्यायचं काम माणसाचं. चिठ्ठी आणि शर्यत यांच्यामध्ये सहा सराव-धावा होतात. त्याआधी पशुवैद्यांनी घोडे तपासलेले असतात. मोहल्ल्याचा मोतद्दार त्या दिवसांत घोड्याला सोडून हलत नाही, तबेल्यातच झोपतो. चौकाच्या अवघड वळणावर भिंतीला गाद्या लावलेल्या असतात आणि स्वाराच्या हातात लगाम असतो. इतकं करूनही स्वार पडतात. ते इतकं नेहमीचं आहे की स्वाराविना एकटा घोडा पहिला आला तरी त्याचा मोहल्ला जिंकला असं धरतात. उघड्या पाठीवरच ज्यांची रोजीरोटी चालते, ते लोक अनोळखी घोड्याला सहा धावा देतात. गावातला हौशी मालक एक संध्याकाळही देत नाही.

दुसरं उदाहरण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे अनेकांनी पाहिलेलं असेल. स्टेसी वेस्टफॉल या अमेरिकन स्वार बाईने २००६ मध्ये ओहायोतल्या एका मोठ्या स्पर्धेत खोगीर आणि लगाम दोन्ही न वापरता काळ्या घोडीवर अशी काही स्वारी केली, की प्रेक्षक उभे राहिले. घोडी भरधाव येते, जागच्या जागी गिरक्या घेते, घसरत थांबते आणि बाईच्या हातात काहीच नाही. ते बघून आपणही उडी मारावी असं वाटणं साहजिक आहे. चित्रफितीत दिसत नाही ते असं, की ती घोडी तिच्याच हाताखाली तयार झालेली होती. खोगीर आणि लगाम काढण्याआधी ते घालून केलेली मेहनत तिथे कामाला आली होती.

घोडा विकत घेतानाच निम्मं काम होतं. आपल्याकडे बाजारात आधी घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे आणि शुभाशुभ खुणा पाहिल्या जातात. देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, अशुभ भोवरा कुठे आहे, यावर तासभर चर्चा रंगते आणि हजारोंचा फरक पडतो. ज्याला बसायचं आहे त्याने तो तासभर घोड्याच्या पाठीवर आणि तोंडावर खर्च करावा. शुभ भोवऱ्याचा घोडाही उधळतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने घोडेस्वारीवर छोटासा ग्रंथ लिहिला. त्याचा सल्ला होता, की पाहणी खुरांपासून सुरू करावी. घराचा पाया कच्चा असेल तर वरचा मजला कितीही देखणा असून काय कामाचा? तेवीसशे वर्षांत या सल्ल्यात बदलण्यासारखं काही सापडलेलं नाही.

खुरांनंतर पाठ. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथपासून कमरेपर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, बोटांच्या पेरांनी हळूहळू दाबत जावं. माशी बसल्यावर थरथरते तशी कातडी थरथरली तर चिंता नाही. पण घोडा पाठ खाली दबवू लागला, कान मागे पाडले, शेपटी झटकली किंवा चावायला वळला, तर पाठ दुखरी आहे. उंचवट्याच्या आजूबाजूला काळ्या-तांबड्या केसांत पांढरे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी वाईट खोगिराने जखम झाली असण्याची शक्यता मोठी. असा घोडा वाईट असतोच असं नाही, पण त्याच्या उघड्या पाठीवर बसणं त्याला सहन होईलच, असं धरून चालू नये.

विकणारा हमखास म्हणतो, ‘गरीब आहे हो, लेकरू बसलं तरी हलणार नाही.’ अशा वेळी लेकराला बसवून बघू नये, विकणाऱ्यालाच बसायला सांगावं. आधी सामान घालून, मग काढून. तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच. घोडा काल किती राबवला, सकाळी काय खाऊ घातलं, हेही विचारावं, कारण दमलेला किंवा गुंगीचं औषध दिलेला घोडा बाजारात फार सज्जन दिसतो. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी, न सांगता जाऊन पुन्हा पाहावा.

वरातीच्या घोड्या हा वेगळाच प्रकार. बँड, फटाके, गर्दी, डोळ्यांवर पडणारे दिवे यांना त्या सरावलेल्या असतात. त्यामुळे ‘हिला कशाचीच भीती नाही’ असं सांगून त्या विकल्या जातात. त्यात तथ्यही असतं. पण वरातीत घोडीच्या तोंडाशी माणूस चालत असतो, नवरदेव नुसता वर बसलेला असतो. तोंडाशी माणूस नसताना ती काय करते हे कुणी पाहिलेलंच नसतं. शिवाय नाचायला शिकवलेली घोडी हलगी किंवा ढोल कानावर पडला की जागच्या जागी थयथयाट सुरू करते, पुढचे पाय उचलते. तिच्या दृष्टीने ती हुकूम पाळत असते. वर बिनखोगीर बसलेल्याला हे पटवून घ्यायला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे अनेक नर खच्ची न करता पाळले जातात, हेही ध्यानात ठेवावं. शेजारच्या वस्तीत माजावर आलेली घोडी असेल तर असा घोडा क्षणात वेगळाच होतो. पहिल्यांदा बसायला खच्ची केलेला घोडा किंवा वयस्क घोडी बरी.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे नव्या घोड्याला इतर जनावरांपासून वेगळं बांधावं. हे रोगांसाठी. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो आणि तो जिवावर बेततो. नाकातून चिकट घट्ट स्राव, कातडीवर गाठी, त्या फुटून होणाऱ्या जखमा ही त्याची चिन्हं. पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावं. तपासणीचा अहवाल येईपर्यंत पाठीवर बसण्याचा प्रश्नच नाही. धनुर्वाताची लस घोड्यालाही द्यावी आणि घरातल्या माणसांनीही घेतलेली असावी, कारण तबेल्याची जमीन आणि लीद म्हणजे त्या जंतूंचं घर.

हे दिवस फुकट जात नाहीत. उलट ओळख होते ती याच दिवसांत. रोज खरारा करावा आणि तो करताना हात पोटाखाली, मांडीवर, पाठीच्या त्या भागावर न्यावा जिथे पुढे बसायचं आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळपास ३५० अंशांत दिसतं, पण नाकाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे आंधळी जागा असते. म्हणून जवळ जाताना खांद्याच्या बाजूने जावं, बोलत जावं. मागून गुपचूप जाणाऱ्याला दुगाण्या बसल्या तर दोष घोड्याचा नाही. खरारा झाला की त्याला दोराला धरून चालवावं. थांब म्हटल्यावर थांबतो का, मागे सरक म्हटल्यावर सरकतो का, मान डावीकडे-उजवीकडे नाक बरगडीला लागेल इतपत सहज वळवतो का? जमिनीवरून जे होत नाही ते पाठीवरून होणार नाही. गोणपाट, रिकामं पोतं, घडी केलेली घोंगडी पाठीवर ठेवून, काढून, सरकवून पाहावी. मोटारसायकल, ट्रॅक्टर, कुत्री, वाऱ्यावर फडफडणारं प्लास्टिक यांच्याजवळून नेऊन पाहावं. कशाला बुजतो त्याची मनात नोंद ठेवावी.

मग प्रश्न येतो वजनाचा आणि इथे हौशी लोक फार उदार होतात. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंत भार वाहावा असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. त्यात स्वार आणि सामान दोन्ही आलं. साडेतीनशे किलोच्या मारवाडी घोड्याला सत्तर किलो झेपतात. अडीचशे किलोच्या दख्खनी तट्टाला पन्नास. धनगरांचे तांडे ज्यांच्या पाठीवर संसार लादून फिरतात, ती भीमा खोऱ्यातली भीमथडी घोडी काटक खरी. आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंदही झाली आहे. पण ओझं पाठीच्या दोन्ही बाजूंना विभागून लादलेलं असतं आणि ते उड्या मारत नाही. ऐंशी किलोचा माणूस तिच्या पाठीवर उड्या मारतो.

खोगिराचं खरं काम इथेच कळतं. ते स्वाराच्या सोयीसाठी असतं असा समज आहे. पण त्याचा सांगाडा आणि खालची भरलेली गादी मिळून स्वाराचं वजन मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, बऱ्याच मोठ्या जागेवर पसरवतात. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या पाठीवर दाब मोजणारी चटई ठेवून खोगिरासह आणि खोगिराविना अशी तुलना केली. उघड्या पाठीवर स्वार टेकतो ती जागा लहान असते आणि त्याच्या बैठकीच्या दोन हाडांखाली दाब एकवटतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘खोगीर काढलं, घोड्याला हलकं वाटलं’ हे म्हणणं फारसं खरं नाही. उघड्या पाठीवरची स्वारी थोडक्यात आटोपावी, पंधरा-वीस मिनिटं पुरे. चार वर्षांच्या आतल्या घोड्यावर तर बिनखोगीर बसूच नये, त्याच्या मणक्यांची वाढ अजून चालू असते.

ज्या दिवशी बसायचं ठरेल त्या दिवशी जागा निवडावी ती कुंपणाची. नांगरून भुसभुशीत केलेलं छोटं शेत किंवा वाळूचं आवार उत्तम. डांबरी रस्ता अजिबात नको. नाल ठोकलेला घोडा डांबरावर घसरतो आणि खाली पडणाऱ्या माणसाला डांबर माया दाखवत नाही. पावसात भिजलेली पाठही टाळावी, ती साबणासारखी होते. वेळ सकाळची, घोडा रोजच्या चालीने फिरून आलेला, पण दमवून गळाठलेला नसावा. तीन दिवस ठाणबंद ठेवून चौथ्या दिवशी भरपूर चंदी खाऊ घालून त्याच्या पाठीवर उडी मारणारा संकटाला आमंत्रणच देतो.

एक जाणता माणूस सोबत हवाच. त्याने लांब दोरावर घोडा धरून गोल फिरवावा, म्हणजे काव्यावर. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिष्यांना सुरुवातीचे कित्येक महिने असंच दोरावर फिरवतात. त्यांच्या हातात लगाम नसतो आणि पायांत रिकिबी नसतात. घोड्याला सांभाळायचं काम दोर धरणाऱ्याचं, शिष्याने फक्त मांड शिकायची. तिथले घोडे मात्र वर्षानुवर्षं तेच काम केलेले, अनुभवी. नव्या घोड्यावर हा प्रयोग करायचा तर दोर धरणारा अनुभवी हवा, एवढी भरपाई तरी व्हावी.

तोंडात लगाम असावा की नुसती मोहरकी? याची उत्तरं देणारे दोन तट आहेत आणि दोघेही आपलं सोडत नाहीत. घोडा लगामावर तयार झालेला असेल तर लगाम घालावा, पण त्याला लोंबकळायचं नाही, हे आधीच मनाशी पक्कं करावं. तोल गेला की नवशिक्याचा हात आपोआप लगाम ओढतो. लोखंडाचा तुकडा जिभेवर आणि हिरडीवर दाबला गेला की घोडा डोकं उंच टाकतो, मागे सरतो, कधी पुढचे पाय उचलून उभा राहतो. म्हणून हाताला धरायला दुसरं काही हवं. आयाळीचा मुळाजवळचा जाडसर पुंजका मुठीत धरावा, त्याने घोड्याला विशेष त्रास होत नाही. नाहीतर मानेभोवती एक रुंद पट्टा सैल बांधावा. दोर किंवा लगाम हाताला गुंडाळून मात्र कधीही बसू नये, ओढला गेला तर बोटं जातात आणि माणूस फरपटतो.

चढताना उडी मारू नये. ओटा, दगड किंवा भक्कम स्टूल घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ ठेवावं. आधी दोन्ही हातांनी पाठीवर वजन टाकावं, मग पोटावर आडवं व्हावं आणि थोडा वेळ तसंच थांबावं. घोडा शांत असेल तर उजवा पाय सावकाश पलीकडे न्यावा. पाय नेताना टाच त्याच्या कमरेला लागली की बरेच घोडे पुढे सुटतात. बसायची जागा उंचवट्याच्या लगेच मागे, जिथे पाठीला फासळ्यांचा आधार आहे. मागे कमरेवर बसलेला माणूस दिसायला ऐटदार दिसतो, पण घोड्याच्या त्या भागाखाली फासळ्या नसतात.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे बहुतेक लोक पडतात. घोड्याला पुढे चालायची खूण देतात ती पोटऱ्यांनी किंवा टाचांनी, बरगडीजवळ हलकं दाबून. खोगिराचं चामडं मध्ये असताना ही खूण थोडी बोथट होते. उघड्या पाठीवर पायाची बारीकशी हालचालही थेट कातडीला पोचते. नवखा माणूस घाबरला की काय करतो? गुडघे आवळतो, टाचा वर घेतो आणि पाय घोड्याच्या पोटाला चिमट्यासारखे दाबतो. त्याच्या मते तो घट्ट धरून बसलेला असतो. घोड्याला मात्र स्पष्ट हुकूम मिळालेला असतो: चल. घोडा चालतो, माणूस आणखी आवळतो, घोडा दुडकी धरतो, माणूस पुढे वाकतो, पाय आणखी मागे आणि आणखी घट्ट जातात. ‘घोडा उधळला’ असं मग सांगितलं जातं. पुष्कळदा तो उधळलेला नसतो, त्याने सांगितलेलं ऐकलेलं असतं.

याचा इलाज झेनोफोनने सांगून ठेवला आहे. त्याच्या काळी ग्रीकांकडे रिकीब नव्हती. स्वार उघड्या पाठीवर किंवा कापडावर बसत. खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकून सरळ उभं राहिल्यासारखं बसावं, असं तो म्हणतो. म्हणजे मांड्या खाली सोडलेल्या, गुडघ्यांखालचा पाय सैल, कान-खांदा-कंबर-टाच एका ओळंब्यात. वजन दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं. नजर घोड्याच्या कानांवरून पुढे, कारण खाली बघणारा खालीच जातो. मांड ठोकली म्हणजे आवळून बसणं नव्हे. घोड्याची पाठ हलते तशी आपली कंबर हलू देणं, ही मांड. श्वास रोखला की कंबर ताठ होते, म्हणून शिकवणारे कधी कधी गाणं म्हणायला लावतात. ऐकायला वेडगळ वाटतं, पण गाताना श्वास रोखता येत नाही.

पहिले काही दिवस फक्त चालीवर. चालीत घोडा ताशी सहा-सात किलोमीटर जातो आणि तेवढ्यात शिकण्यासारखं पुष्कळ असतं: थांबणं, वळणं, आठचा आकडा काढणं, डोळे मिटून कोणता पाय पडतो आहे ते ओळखणं. दुडकी चाल हीच खरी परीक्षा. तिच्यात पाय आडव्या जोडीने पडतात, पाठ दोनच ठेक्यांत वर-खाली होते आणि रिकिबीविना माणूस उडत राहतो. पाच-सहा पावलं दुडकी, मग पुन्हा चाल, असं वाढवत न्यावं. रवाल चालीचा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा असेल तर हा त्रास बराच कमी होतो. ती चार ठेक्यांची चाल इतकी सपाट असते की बाजारात तिचे वेगळे पैसे मोजले जातात. भरधाव पळवण्याबद्दल नव्या घोड्याच्या बाबतीत काहीच लिहिण्याची गरज नाही.

उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करावा, आणि तो अचानक उतरण्याचा. घोडा उभा असताना सुरुवात करावी. किंचित पुढे झुकायचं, दोन्ही हात मानेवर टेकायचे, उजवा पाय मागून उंच घेऊन पलीकडून आणायचा आणि ढकलून द्यायचं, घोड्यापासून दूर, तोंड पुढच्या दिशेला, गुडघे वाकलेले. उभ्या घोड्यावरून सहज जमलं की चालत्या घोड्यावरून. रिकिबीत पाय अडकून फरपटण्याचा धोका बिनखोगीर स्वारीत नसतो, हा तिचा एक खराखुरा फायदा आहे. तो घ्यायचा तर उतरता आलं पाहिजे.

घोडा वेग घेऊ लागलाच, तर दोन्ही हातांनी मागे ओढण्याच्या झटापटीत माणूस हरतो. पाच पट वजनाच्या जनावराशी रस्सीखेच जिंकता येत नाही. एक बाजू आखूड करून मान हळूहळू त्या अंगाला वळवावी आणि घोड्याला वर्तुळात आणावं, वर्तुळ लहान करत न्यावं. हे चालीत आणि दुडकीत करायचं. भरधाव घोड्याची मान हिसक्याने वळवली तर तो आडवा पडू शकतो. आणि हीच मान वळवण्याची सवय जमिनीवरून आधी झालेली नसेल, तर पाठीवरून ती आयत्या वेळी सापडत नाही.

डोक्यावर शिरस्त्राण हवं, याबद्दल वाद घालू नये. चौदा हात उंचीचा घोडा म्हणजे पाठीपर्यंत ५६ इंच. वर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतं. कोर्टनी किंग-डाय ही २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात उतरलेली स्वार. मार्च २०१० मध्ये सरावाच्या वेळी तिचा घोडा अडखळला. ना उधळला ना बुजला, नुसता अडखळला. तिच्या डोक्यावर त्या दिवशी शिरस्त्राण नव्हतं. ती काही आठवडे बेशुद्ध होती आणि बोलणं-चालणं तिला पुन्हा शिकावं लागलं. तिच्या अपघातानंतर या प्रश्नाने जोर धरला आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांत ड्रेसाजमध्येही शिरस्त्राण सक्तीचं झालं. घोडेस्वारीचं शिरस्त्राण वेगळं मिळतं, तेच घ्यावं. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, मान ओढतं आणि ऐकू येणं कमी करतं. क्रिकेटचं वेगळ्याच आघातासाठी बनवलेलं असतं. एकदा जोरात आपटलेलं शिरस्त्राण बाहेरून धड दिसलं तरी बदलावं. पायांत टाच असलेले बंद बूट, अंगात जाड सुती पँट. ट्रॅकसूट गुळगुळीत पाठीवर निसटतो.

कुणी पडलाच आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाला, तर त्याला उचलून बसवू नये, पाणी पाजू नये. डोकं-मान हलू न देता १०८ ला फोन करावा. हात-पाय झिणझिणत असतील तर ते आवर्जून सांगावं. आणि घोड्याला आधी कुणीतरी धरावं, नाहीतर दुसरा माणूस जखमी होतो.

खोगिराऐवजी काय चालेल, हा प्रश्न हमखास विचारला जातो. नुसती घोंगडी किंवा चादर टाकून बसणं हे उघड्या पाठीपेक्षा वाईट, कारण ती सरकते आणि माणसाला सोबत नेते. घोंगडी टाकायचीच तर ती रुंद तंगाने नीट आवळलेली हवी. बाजारात तंगासह मऊ पॅड मिळतात, तेही चालतील. काही पॅडांना रिकिबी लावलेल्या असतात, त्या काढून ठेवाव्यात. आत लाकडी किंवा लोखंडी सांगाडा नसल्यामुळे एका रिकिबीवर जोर पडला की सगळं पॅड फिरून पोटाखाली जातं, आणि पाय मात्र रिकिबीतच राहतो.

स्वारी संपली की पाठ पुन्हा बोटांनी दाबून पाहावी, जशी घेताना पाहिली होती. सकाळी जिथे काही नव्हतं तिथे संध्याकाळी घोडा दचकला, तर पुढचे काही दिवस सुट्टी. तळहाताने पाठ चोळून घाम सुकवावा, थोडं चालवावं.

खोगीर शेवटी घ्यायचंच आहे. ते कुणाच्या तरी घोड्याचं जुनं, स्वस्तात मिळालं म्हणून आणू नये, कारण न बसणारं खोगीर उघड्या पाठीपेक्षा जास्त जखमा करतं. देशातलं खोगीर-सामान मोठ्या प्रमाणावर कानपूरला तयार होतं. त्याला भौगोलिक मानांकनही आहे आणि ते परदेशात जातं. घोडा तिथे न्यायची गरज नाही. सहज वाकणारी जाड तार घेऊन ती घोड्याच्या उंचवट्याच्या दोन बोटं मागे पाठीवर आडवी दाबावी, आकार घेतला की अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने रेघ काढावी. तसंच आणखी वीतभर मागे. ही दोन मापं, घोड्याची उंची आणि स्वाराचं वजन, एवढं कारागिराला पुरतं. नवं खोगीर आलं की आधी स्वाराविना ठेवून उंचवटा आणि खोगीर यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जातात का, ते पाहावं. मग स्वार बसवून पुन्हा.